कोहलर के-सिरीज इंजिन: बॅटरी चार्ज होत नाही

प्रश्न: जुना गार्डन ट्रॅक्टर, १५ अँपिअरचा फ्लायव्हील अल्टरनेटर. फुल रेसवरही बॅटरीवर १२.३ व्होल्टच. स्टेटर (अल्टरनेटरमधली वीज तयार करणारी कॉइल) गेला की रेग्युलेटर (त्या एसीचं डीसी करून व्होल्ट आवरणारा भाग)?

उत्तर: आधी रेग्युलेटरची बॉडी बघा. त्याला अर्थिंग तिथूनच मिळतं. बोल्टखाली रंग किंवा गंज असला की चार्जिंग बंद. घासून चकचकीत करा. मग इंजिन बंद करून रेग्युलेटरचा प्लग काढा, पुन्हा चालू करून ३६०० आरपीएमवर स्टेटरच्या दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. २८ व्होल्ट किंवा जास्त आले तर स्टेटर ठणठणीत.

प्रश्नकर्ता: अर्थिंग साफ केलं. एसी ३४ व्होल्ट.

दुसरं उत्तर: मग किल्ली ऑन करून प्लगच्या मधल्या वायरीवर बॅटरीचे व्होल्ट तपासा. नसतील तर फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. असतील तरच रेग्युलेटर बदला. बॅटरी काढून इंजिन चालवू नका, नवाही जळेल.