मदत हवी आहे: परराज्यातून पुण्यात आलेल्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी पहिल्या सत्रात काय करावं?

भरदुपार: आमच्या विभागात यंदा बिहार, केरळ आणि मणिपूरमधून बरेच विद्यार्थी आलेत. त्यांना रुळायला मदत करायचं काम दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे आहे. स्वागत समारंभ, कॅम्पसची फेरी वगैरे ठरलंय. त्याखेरीज काय करायला हवं? अनुभवी मंडळींनी नेमकं सांगावं.

खिडकी_नंबर_चार: समारंभ राहू द्या, आधी कागद बघा. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला पात्रता प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ मायग्रेशन, म्हणजे जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र. ते यायला महिने जातात. मुलं समजतात, प्रवेश झाला म्हणजे काम झालं. पात्रता अडकली की निकाल राखून ठेवतात, आणि हे कळतं थेट निकालाच्या दिवशी. प्रत्येकाची यादी करा: मायग्रेशन, टीसी, शेवटची गुणपत्रिका, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक). मूळ कागद जमा करण्याआधी स्कॅन आणि पाचेक साक्षांकित प्रती.

दुसरं म्हणजे शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती योजना महाराष्ट्रात अधिवास असलेल्यांसाठी आहेत. अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याचं मूळ राज्य देतं, अर्जही तिकडच्या पोर्टलवर. अर्ज बहुतेकदा अडतो आपल्याकडेच, कारण संस्थेच्या लॉगिनमधून तो पुढे पाठवावा लागतो आणि तिथे कुणी बघत नाही. कार्यालयात ते काम कोणाकडे आहे हे विचारून ठेवा. बोनाफाइड आणि शुल्काचा तपशील एकदमच मागून घ्या.

तळमजला: खोलीचं मी सांगतो. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?' असं घरमालक हमखास म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्यांनी निदान डिपॉझिटची पावती, नोटीस किती दिवसांची आणि रंगकामाचे पैसे कापणार का, एवढं लिहून घ्यावं. सामान लावण्याआधी खोलीचा व्हिडिओ काढायचा. मणिपूरच्या मुलांनी सुकी मासळी, आंबवलेले बांबूचे कोंब शिजवलेले चालतील का, हे डिपॉझिट देण्याआधी विचारावं. वासावरून भांडण झालं की खोली जाते आणि डिपॉझिटही अडकतं.

भरदुपार: मेसचं काय? पंधरा दिवसांत मुलं कंटाळतात.

पोळीभाजी: कंटाळणारच! पोळ्या भरपूर, भात वाटीभर. केरळ-मणिपूरकडच्यांचं पोट त्यात भरत नाही. महिन्याचे पैसे लगेच भरू नका. दोन-तीन मेसमध्ये एकेका वेळचं जेवून बघायचं, जास्तीच्या भाताचे वेगळे पैसे घेतात का तेही. खाडे कसे धरतात हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग काही दिवसांचे आणि आगाऊ सांगितलेलेच खाडे वजा होतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही आणि मग ती बिस्किटांवर झोपतात.

भाषेबद्दलही. हिंदीत बोललं की सगळ्यांची सोय झाली, हा आपला लाडका समज. केरळ-मणिपूरच्या अनेकांना हिंदीही अवघड जाते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची प्रत्येक सूचना इंग्रजीतही टाका, विशेषतः प्रॅक्टिकलची बॅच बदलल्याची. प्रॅक्टिकलच्या जोड्या मिश्र करा. एकाच राज्यातली मुलं एकत्र राहिली की पहिला महिना सोपा जातो, पण नोट्स आणि जुने पेपर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

खिडकी_नंबर_चार: दोन नंबर ग्रुपवर पिन करा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522. मानसिक त्रासासाठी टेली-मानस 14416, तिथे भाषा निवडता येते. सलग तीन दिवस कुणी दिसलं नाही तर फोन नको, खोलीवर जाऊन या.

भरदुपार: दिवाळीत घरी जाण्याचं?

पोळीभाजी: रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दानापूरकडच्या गाड्या बघता बघता भरतात. बिहारच्या मुलांना दिवाळीनंतर सहाव्या दिवशीच्या छठपर्यंत थांबायचं असतं. घरी जाताना विद्यार्थी सवलत मिळते: स्लीपरला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75. पण कॉलेजच्या सहीशिक्क्याचा फॉर्म घेऊन काउंटरवरच तिकीट काढावं लागतं. म्हणून विभागप्रमुखांकडून अंतर्गत परीक्षांच्या तारखा ऑगस्टमध्येच काढून घ्या. छठच्या आठवड्यात परीक्षा ठेवली तर निम्मी तिकिटं रद्द होतील, नाहीतर निम्मा वर्ग गैरहजर.