मदत हवी आहे: नव्या (बहुतेक) कोळ्याचं शास्त्रीय वर्णन कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

उडी मारणारा एक कोळी आहे, साल्टिसिडी कुळातला. सदाहरित जंगलात शेवाळलेल्या खोडावर मिळाला. परवानगी रीतसर काढलेली आहे, तेव्हा त्यावर चर्चा नको. दोन प्रौढ नर आणि एक मादी हाताशी आहे. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) नक्की झाला आहे, पण त्यातल्या एकाही ज्ञात प्रजातीशी नराचा पाल्प (तोंडाजवळचा पायासारखा अवयव, ज्याने नर मादीला शुक्राणू देतो) जुळत नाही. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर नोंदणी करून या जीनसचे सगळे पेपर उतरवून घेतले (तिथे ते फुकट मिळतात, कुणाला माहीत नसेल तर) आणि एकेक आकृती ताडून पाहिली.

गाडी अडली आहे ती लिहिण्यावर. आत्तापर्यंत एवढं उतरलंय:

"नर: लांबी ४.१ मिमी. शिरोवक्ष गडद तपकिरी, डोळ्यांचा भाग काळा, कडेला पांढऱ्या खवल्यांचा पट्टा. पोट राखाडी, त्यावर चार फिकट ठिपके. पाय पिवळसर, पहिली जोडी जाड आणि गडद. पाल्प तपकिरी."

हे तर निम्म्या साल्टिसिडी कुळाला लागू पडेल! डायग्नोसिस आणि वर्णन यांत नेमकं काय कुठे घालायचं? दुसरं म्हणजे मादी. ती त्याच खोडावर, नरापासून वीतभर अंतरावर होती, पण रंगाने सगळी मातकट, पट्टा-बिट्टा काही नाही. तिला याच प्रजातीत धरू का? आणि एकुलती एक मादी असताना एपिगाइन (पोटाखालचं जननांग) कापून काढायची माझी हिंमत होत नाहीये. डीएनए करायची सोय सध्या नाही.

---

भिंगवाला:

"पाल्प तपकिरी" या दोन शब्दांत तुम्ही सगळं महत्त्वाचं उरकून टाकलंत की! रंगाला दुय्यम जागा द्या. खवले घासले जातात, अल्कोहोलात रंग उडतो, आणि पन्नास वर्षांनी बाटली उघडणाऱ्याला तुमचा पांढरा पट्टा दिसेलच याची खात्री नाही. पाल्प मात्र तसाच राहतो.

डावा पाल्प घ्या, आकृत्या त्याच्याच काढायचा रिवाज आहे. डावा मोडला असेल तर उजवा उलटा करून दाखवा आणि तसं स्पष्ट लिहा. एक चित्र खालून, एक बाहेरच्या बाजूने. मग लिहा: बल्ब (पाल्पच्या टोकाचा फुगीर भाग) लांबट की गोल, मागच्या बाजूला फुगवटा आहे का, एम्बोलस (बल्बमधून निघणारी, शुक्राणू बाहेर सोडणारी बारीक नळी) कुठून निघतो आणि कुठे संपतो. एम्बोलसची दिशा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात, म्हणजे "९ च्या जागी उगम, टोक १ कडे" असं. पाल्पच्या टिबिया या पेऱ्यावरचा काटा टिबियाच्या किती पट लांब, टोक सरळ की आकड्यासारखं, तेही हवं.

डायग्नोसिस म्हणजे फक्त फरक. सगळ्यांत जवळच्या दोन-तीन प्रजाती नावानिशी घ्या आणि "अमुक प्रजातीत टिबियाचा काटा टोकाशी दुभंगलेला, इथे एकसंध" अशा भाषेत लिहा. चारपाच ओळी पुरतात. वर्णनात बाकीचं सगळं: डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातली अंतरं, चेलिसेरावरचे (जबड्यावरचे) दात, प्रत्येक पायाच्या पेऱ्यांची, म्हणजे फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्ससची लांबी. कंटाळवाणं काम आहे, पण यातलं काय उद्या कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आकृत्या ताडल्यात हे उत्तम, पण या जीनसमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या प्रजाती असतील तर तेवढ्यावर विसंबू नका. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजेन सिमोनच्या कितीतरी प्रजातींचं मूळ वर्णन लॅटिनमधल्या मोजक्या ओळींचं आहे. त्याचे बरेच टाइप (प्रजातीचं नाव ज्यांना बांधलेलं असतं ते मूळ नमुने) पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. संग्रहालयाला पत्र लिहून टाइपचे फोटो मागवा. नव्या म्हणून छापलेल्या प्रजाती जुन्याच निघतात त्या बहुधा इथेच.

---

पानगळ:

मादीबद्दल. होलोटाइप एका नरालाच करा. प्रजातीचं नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या मादी वेगळ्याच प्रजातीची निघाली तरी नाव नराबरोबर सुखरूप राहतं. दुसरा नर पॅराटाइप (होलोटाइपच्या जोडीला नोंदवलेला नमुना). मादीला पॅराटाइप करू नका. तिचं वर्णन स्वतंत्र परिच्छेदात द्या आणि एकाच खोडावर सापडली, एवढ्याच आधारावर जोडी लावली आहे असं उघड लिहा. नर आणि मादी दोन वेगळ्या नावांनी छापले गेले आणि पुढे एक नाव रद्द झालं, असं साल्टिसिडी कुळात भरपूर वेळा घडलंय. उलट, दोन वेगळ्या प्रजातींचे नर-मादी एकाच नावाखाली छापले गेले, असंही झालंय.

---

रानमांजर:

डीएनए नसताना २०२० च्या दशकात नवी प्रजाती छापूच नये, असं माझं मत. सीओआय या (प्रजाती ओळखायला वापरतात त्या) जनुकाचा ६५८ बेस-जोड्यांचा तुकडा काढायला आता फार खर्च येत नाही, आणि नर-मादीचा प्रश्न एका फटक्यात सुटतो.

---

भिंगवाला:

@रानमांजर, नर-मादीपुरतं मान्य. पण प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत डीएनएची अट कुठेही नाही. २००० सालापासून होलोटाइप स्पष्ट नेमणं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे सांगणं मात्र सक्तीचं आहे. तोही घरच्या कपाटात नको, संग्रहालयात हवा. फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी छापण्याआधी झालेली असली पाहिजे. २०१२ पासून ऑनलाइन प्रकाशन ग्राह्य धरतात ते याच अटीवर.

धागाकर्ते, आत्ता एवढं करा: दुसऱ्या नराचा आणि मादीचा एकेक पाय, एकाच बाजूचा, ९५ टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलात वेगळा ठेवा. होलोटाइपला हात लावू नका. सोय होईल तेव्हा बघता येईल.

---

धागाकर्ता:

पाय आजच काढून ठेवतो. डायग्नोसिसचा मुद्दा डोक्यात शिरला, दोन जवळच्या प्रजाती समोर ठेवून परत लिहायला बसतो. एपिगाइनचं कुणी सांगेल का? नाव ठरलंय, इथे टाकू?

---

पानगळ:

नाव अजिबात टाकू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव ग्राह्य नसतं, पण लोक ते उचलून फोटोंवर चिकटवतात आणि निस्तरायला वर्षं जातात. बरं, तुमचा कोळी इवलासा आहे. तो टॅरँटुला असता तर पेपरमध्ये नेमके अक्षांश-रेखांश द्यावेत का, याचाही दहादा विचार करायला सांगितलं असतं. पाळण्यासाठी पकडणारे ते वाचूनच जंगलात पोचतात. पीसीलोथेरिया हा टॅरँटुलांचा अख्खा जीनस २०१९ मध्ये साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये घालावा लागला.

एपिगाइनचं: कापण्याआधी जागच्या जागी फोटो आणि चित्र काढून घ्या, म्हणजे पुढे काही बिघडलं तरी बाहेरचा आकार हाती राहील. मग अतिशय बारीक सुईने तीन बाजूंनी कडेकडेने सोडवा, पुढची बाजू शेवटी. कॉस्टिक पोटॅशने पेशी विरघळतात, पण नजर हटली की नाजूक नळ्याही मऊ पडतात. पहिल्यांदाच करताय तर लवंगेचं तेल वापरा. थोड्या वेळात ऊतक पारदर्शक होतं, आतल्या शुक्राणू साठवायच्या पिशव्या आणि नळ्यांची वळणं दिसू लागतात, आणि काम झालं की अल्कोहोलात धुऊन परत ठेवता येतं. सुटलेला तुकडा छोट्या कुपीत घालून ती कुपी मादीच्याच बाटलीत ठेवा, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी. बॉलपेनची शाई अल्कोहोलात पसरते.

आधी एखाद्या सामान्य कोळ्याच्या दोन-तीन माद्यांवर हात बसवून घ्या. त्या मोडल्या तरी चालतील.