थायरॉइड की अॅड्रिनल? टीएसएच वाढलाय पण ताईचं वजन कमीच होत चाललंय

वारणाकाठ
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, प्लीज शेवटपर्यंत वाचा. माझी ताई, वय ३६, कराडजवळ झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीपासून सारखा थकवा, सकाळी उठवत नाही, शाळेतून आली की सरळ आडवी होते. जेवण जात नाही, मधेच मळमळतं, पोट दुखतं. वजन ५८ होतं ते ४९ वर आलंय. बीपी दर वेळी ९०/६० च्या आसपास आणि बसल्याजागेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) ८.२ आला, हिमोग्लोबिन थोडं कमी, शुगर नॉर्मल. थायरॉइड आहे म्हणून थायरॉक्सिन ५० सुरू केलं. गोळीने बरं वाटायला पाहिजे ना, तर ही दोन-तीन आठवड्यांत जास्तच गळालीय, परवा दोनदा उलटी झाली.

अजून दोन गोष्टी. आई म्हणते पोरगी काळवंडलीय, आधी आम्हाला वाटलं शाळेच्या ग्राउंडवर उन्हात असते म्हणून असेल. आणि मीठ! लोणच्याचा खार नुसता चमच्याने खाते, ताकात मीठ घालून घालून पिते, पूर्वी असं कधी नव्हतं.

मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, त्यात सांगतात रोज थर्मामीटरने ताप मोजा, कायम कमी राहिला तर थायरॉइड आणि रोज खालीवर झाला तर अॅड्रिनल. असं घरी ओळखता येतं का? कुठली टेस्ट करू, कुणाला दाखवू? आई अशक्तपणासाठी रोज शहाळं देतेय, ते चालू ठेवू ना?

डोंगरवाट
भाऊ, मला अॅडिसन आहे, म्हणजे किडनीच्या वर असतात त्या अॅड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत, बरीच वर्षं गोळ्यांवर आहे आणि आता व्यवस्थित नोकरी करतोय. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. ताईला आत्ता उजेडात बसवा आणि तळहाताच्या रेषा बघा, बोटांच्या सांध्यांवरची कातडी बघा, हिरड्या आणि ओठांच्या आतली बाजू बघा, जुनं ऑपरेशन किंवा भाजल्याचा व्रण असेल तर तो बघा. तिथे काळे डाग किंवा काळपटपणा असेल तर ते ऊन नाही. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत. काही जणांच्या हिरड्या जन्मापासून काळसर असतात ते वेगळं, आधी नव्हतं आणि आता आलंय का हे महत्त्वाचं, जुना फोटो काढून ताडून बघा.

मलाही मिठाची अशीच ओढ होती आणि घरच्यांना वाटायचं चोचले आहेत. शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं म्हणून ते मागत असतं.

शहाळं आजच बंद करा. अॅडिसनमध्ये सोडियम कमी पडतं आणि पोटॅशियम साठतं, नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडंच, म्हणजे नेमकं उलटं. त्यापेक्षा खारं ताक, मीठ घातलेली पेज द्या. आणि थर्मामीटर राहू दे बाजूला, सोडियम-पोटॅशियम आणि सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं मुख्य हॉर्मोन) करून घ्या. उद्याच.

एमडी_मेडिसिन_नाशिक
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण ही हिस्टरी मला अजिबात आवडलेली नाही.

थायरॉइड कमी असताना साधारण काय दिसतं? वजन चार-सहा किलो वाढतं, नाडी मंद होते, थंडी सोसत नाही, शौचाला खडा होतो, कातडी कोरडी आणि फिकट पिवळट, आवाज बसका, पाळीला जास्त रक्त जातं. बीपी उतरण्यापेक्षा खालचा आकडा थोडा चढलेला सापडतो. थायरॉइड जास्त असेल तर वजन उतरतं खरं, पण तेव्हा टीएसएच अगदी खाली गेलेला असतो आणि माणूस घामाघूम, हात थरथरणारा, नाडी शंभरच्या पुढे. आता तुमच्या ताईंकडे बघा, टीएसएच वाढलेला आणि वजन ९ किलोनी उतरलेलं. या दोन गोष्टी थायरॉइडच्या एका आजारात बसत नाहीत. थकवा, केस गळणं, उदास वाटणं हे दोन्हीकडे असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. वजन, बीपी, कातडीचा रंग आणि मीठ, मी या चार गोष्टी आधी विचारतो.

टीएसएच वाढला म्हणजे दर वेळी थायरॉइडच बिघडलाय असं नाही. कॉर्टिसॉल मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला (टीएसएच तिथूनच येतं) लगाम घालून असतं, ते कमी पडलं की टीएसएच थोडा वर चढतो, बहुतेक वेळा ५ ते १० च्या दरम्यान, आणि स्टिरॉइड (म्हणजे औषधातून कॉर्टिसॉल) सुरू केल्यावर काही आठवड्यांत आपोआप खाली येतो. थायरॉक्सिनने मात्र शरीरातलं कॉर्टिसॉल जास्त वेगाने संपतं. ज्याचं कॉर्टिसॉल आधीच तळाला गेलंय त्याला नुसतं थायरॉक्सिन दिलं तर तो अॅड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे बीपी कोसळून जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत, जाऊ शकतो, म्हणून गोळीनंतर बिघडलं हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा आणि वजन, उलट्या, काळेपणा, मीठ हे सगळं त्यांना सांगा, कारण दहा मिनिटांच्या ओपीडीत पेशंट मिठाबद्दल स्वतःहून बोलत नाही.

टेस्ट: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, शुगर, सकाळी ८ ते ९ मधे कॉर्टिसॉल, त्याच नमुन्यासोबत एसीटीएच (पिट्युटरीकडून अॅड्रिनलला हुकूम देणारं हॉर्मोन). कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर अॅड्रिनल कमी पडतंय असं जवळजवळ धरता येतं, १५ ते १८ च्या वर असेल तर शक्यता खूप कमी. मधलं आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावं लागतं. दुपारी काढलेल्या कॉर्टिसॉलवर काही ठरवू नका, ते दिवसभर उतरत जातं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वाढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर आधी दोन-तीन दिवस बंद, त्याने थायरॉइडचे आणि काही मशीनवर कॉर्टिसॉलचेही आकडे चुकतात.

उलटी थांबत नसेल, गुंगी आली, बीपीचा वरचा आकडा ८०-८५ ला आला तर टेस्टची वाट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी. तिथे रक्त काढून ठेवतात आणि रिपोर्टच्या आधीच सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम देतात.

निरोगी_जगू
सगळ्यांचा आदर ठेवून सांगते, हे अॅड्रिनल फटीग पण असू शकतं. सतत ताण घेऊन ग्रंथी थकून जातात, साध्या लॅबच्या रिपोर्टमध्ये येत नाही, लाळेची चार वेळची टेस्ट करावी लागते. माझ्या मैत्रिणीला अश्वगंधा आणि अॅड्रिनल सपोर्टच्या कॅप्सूलने खूप फरक पडला. ताईंना आधी विश्रांती द्या, झोप द्या, स्टिरॉइडच्या मागे लगेच लागू नका.

एमडी_मेडिसिन_नाशिक
ताई, तुमच्या मैत्रिणीला बरं वाटलं याचा आनंद आहे, आणि विश्रांती कुणालाही हवीच. पण ताणाने अॅड्रिनल थकून जातात असा आजार एंडोक्रिनॉलॉजीत मान्य नाही. खरा ताण आला की या ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल तयार करतात. थकवा खोटा नसतो, त्यामागे रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, बी१२ किंवा डी कमी असणं असं काहीतरी सापडतं, आणि फटीगचं नाव लागलं की ते शोधायचं राहून जातं. अश्वगंधाने थायरॉइडचे आकडे वर जाऊ शकतात. प्राण्यांच्या ग्रंथींपासून बनवलेल्या ज्या सपोर्टच्या गोळ्या विकतात त्यांत अमेरिकेत तपासणी केली तेव्हा थायरॉइड हॉर्मोन आणि स्टिरॉइड सापडलेत, लेबलवर न लिहिलेलं. ९ किलो वजन गेलेल्या बाईला या वाटेने पाठवणं धोक्याचं आहे, हे मला स्पष्ट म्हणावंच लागेल.

परसबाग
आमच्या घरातलं सांगते, थोडं वेगळं आहे पण कुणाला तरी उपयोगी पडेल. माझ्या मोठ्या जाऊबाईंना दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता, बाटल्या चढवायला लागल्या. बाळाला दूधच आलं नाही आणि नंतर पाळी कधी आलीच नाही. सगळे म्हणायचे अंगावर निघालंय, अशक्तपणा आहे. टीएसएच किती वेळा केला, दर वेळी नॉर्मल! मग एकदा साधा जुलाब-उलटीचा आजार झाला आणि त्या बेशुद्ध पडल्या, सोडियम खूप खाली गेलेलं. तेव्हा पुण्यात कळलं की शीहान सिंड्रोम आहे, रक्तस्रावाने पिट्युटरीच सुकलेली. वरूनच हुकूम येत नाही म्हणून थायरॉइड पण बंद आणि अॅड्रिनल पण बंद, म्हणून टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसायचा. त्यांना आधी स्टिरॉइड दिलं आणि मग थायरॉइडची गोळी, हा क्रम डॉक्टरांनी आम्हाला कागदावर लिहून दिला होता. त्या काळ्या पडल्या नव्हत्या, उलट फिकट होत्या. तेव्हा नुसता टीएसएच करू नका, सोबत फ्री टी४ पण करा.

एमडी_मेडिसिन_नाशिक
परसबाग, अगदी नेमकं लिहिलंत. अॅड्रिनल स्वतः खराब असेल तर एसीटीएच वाढतं आणि त्यामुळे काळेपणा येतो, पोटॅशियमही चढतं. बिघाड पिट्युटरीत असेल तर काळेपणा नाही आणि पोटॅशियम बहुधा ठीक. घोणस चावल्यानंतरही पिट्युटरी अशीच निकामी होऊ शकते, कधी लगेच, कधी काही वर्षांनी. शेतकऱ्याला साप चावून गेला, किडनी सावरली, पण नंतर दाढी विरळ झाली, थकवा हटत नाही, असं कुणी आलं की मी हे तपासतो.

आणि आपल्याकडे फार दिसणारं तिसरं कारण म्हणजे बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड. गुडघेदुखीच्या, दम्याच्या पुड्या, वजन वाढवायच्या गोळ्या. महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केल्या की स्वतःची अॅड्रिनल जागी व्हायला वेळ लागतो आणि माणूस कोसळतो. वारणाकाठ, ताईंनी असं काही घेतलंय का तेवढं विचारा.

सातपुडा
माझं उलटं आहे, वजन वाढतंय, चेहरा गोल झालाय आणि थायरॉइड तीनदा नॉर्मल आलं. हे पण अॅड्रिनल असू शकतं का?

एमडी_मेडिसिन_नाशिक
असू शकतं, कॉर्टिसॉल जास्त झालं तर. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं, बीपी आणि शुगर नव्याने वाढणं, यातलं काही आहे का बघा. नुसतं मानेवर मखमलीसारखं काळं असेल तर ते बहुतेक इन्सुलिन शरीराला नीट लागू पडत नसल्याचं. चेहऱ्याला गोरेपणाची क्रीम किंवा खरजेचं मलम लावत असाल तर त्यातही स्टिरॉइड असू शकतं, आधी ते घेऊन डॉक्टरांकडे जा. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घेऊन सकाळी कॉर्टिसॉल बघायची टेस्ट असते, पण ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच. सविस्तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चाललंय.

वारणाकाठ
मंडळी, कसे आभार मानू. त्या रात्रीच तळहात बघितले, रेषा पेनाने ओढल्यासारख्या काळ्या, हिरड्यांवर पण डाग, लग्नातल्या फोटोत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. सोडियम १२४, पोटॅशियम ५.८, कॉर्टिसॉल १.६. लगेच अॅडमिट केलं, सलाइन आणि इंजेक्शन चालू झालं आणि संध्याकाळी ही उठून बसली, भात-आमटी मागून खाल्ली, आई तिथेच रडायला लागली. एसीटीएच खूप जास्त आलाय. छातीचा एक्सरे आणि पोटाचा सीटी सांगितलाय, डॉक्टर म्हणाले टीबी बघायला लागेल. पुड्या वगैरे काही घेतलेल्या नाहीत. थायरॉक्सिन सध्या थांबवलंय.

दोन प्रश्न. थायरॉइडची गोळी आता कायमची सुटली का? आणि ताई नवरात्राचे नऊ दिवस उपवास करते, एकादशी पण, ते पुढे जमेल का, कारण ती आत्तापासूनच तेच विचारतेय.

एमडी_मेडिसिन_नाशिक
फार बरं वाटलं वाचून. टीबी आपल्याकडे अॅड्रिनल जायचं मोठं कारण आहे, सीटीवर ग्रंथी मोठ्या किंवा चुना साठलेल्या दिसल्या तर संशय वाढतो. थॉमस अॅडिसनने १८५५ मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहिला तेव्हाही त्याच्या पेशंटांमध्ये टीबीचे बरेच होते. टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं तर स्टिरॉइडचा डोस वाढवावा लागतो, ते औषध स्टिरॉइड लवकर संपवतं, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. टीबी नसेल तर बहुतेक वेळा शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केलेला असतो आणि मग थायरॉइडही त्यातच सापडलेलं असू शकतं. म्हणून अँटी-टीपीओ (थायरॉइडवर असा हल्ला झालाय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा आणि टीएसएच दोन महिन्यांनी पुन्हा. तोवर उतरला तर गोळीची गरज नाही, चढलेलाच राहिला तर स्टिरॉइड चालू असताना थायरॉक्सिन घ्यायला हरकत नसते.

उपवासाबद्दल: हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी) आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरात मीठ धरून ठेवायला) यांचा एकही डोस चुकवायचा नाही, निर्जळी तर नाहीच. निदान पहिलं वर्ष नऊ दिवसांचा उपवास नको, त्यांना माझ्याकडून सांगा.

डोंगरवाट
भाऊ, मनापासून आनंद झाला. आता घरात काय करून ठेवायचं ते सांगतो. ताप, जुलाब, दात काढायचा असेल तर गोळीचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, तो किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर चिकटवा. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. हायड्रोकॉर्टिसोन १०० ची बाटली, सुई, सिरिंज घरात एक सेट आणि ताईच्या पर्समध्ये एक सेट. ते मांडीच्या स्नायूत देता येतं, तुम्ही स्वतः शिकून घ्या, आणि गावातल्या पीएचसीच्या सिस्टरना आधीच दाखवून ठेवा की ही पेशंट आली तर हे आधी द्यायचं. पर्समध्ये मराठी आणि इंग्रजीत कार्ड, 'मला अॅडिसन आहे, स्टिरॉइड बंद करू नका'. शाळेत मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना पण सांगा. गोळ्या संपायच्या आधी दोन आठवडे नवीन आणा, लहान गावात फ्लुड्रोकॉर्टिसोन दर वेळी मिळतंच असं नाही, कराडला नसेल तर कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवून ठेवा. काही अडलं तर इथे लिहा, मी बघत असतो.