संगणक आणि संदेशवहन यांचा एकत्र इतिहास वस्तूंमधून दाखवायचा आहे. इंग्लंडमध्ये काय पाहावे?

काठावरचा (धागालेखक)

नमस्कार. अकरावीत विज्ञान शाखेत शिकणारी माझी भाची सुट्टीत मुंबईहून माझ्याकडे लंडनला येणार आहे. तिला संगणकाची मनापासून गोडी आहे आणि तिचे वाचनही चांगले आहे. परंतु तिच्याशी बोलताना असे जाणवते की, हा इतिहास तिच्या मनात दोन वेगळ्या खणांत ठेवलेला आहे. एका खणात बॅबेज, ट्युरिंग आणि खोलीभर पसरलेली गणनयंत्रे आहेत, तर दुसऱ्या खणात तारयंत्र, दूरध्वनी आणि मग एकदम इंटरनेट. हे दोन्ही प्रवाह नेमके कोठे मिळाले, हे तिला पुस्तकाऐवजी वस्तूंसमोर उभे करून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे.

लंडनचे सायन्स म्युझियम मला ठाऊक आहे. त्यापलीकडे कोठे जावे आणि कोणत्या वस्तूपाशी अधिक वेळ द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आणखी एक शंका आहे. ब्लेचली येथील प्रसिद्ध कोलॉसस, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्यासाठी बांधलेले गणनयंत्र, हे मूळ यंत्र नसून पुन्हा बांधलेले यंत्र आहे, असे वाचले. तसे असल्यास मुद्दाम एवढे दूर जाण्यात अर्थ आहे का?

---

पट्टीवाला

तारखात्यात टेलिप्रिंटरच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे माझे उत्तर थोडे एकांगी वाटेल. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूत आहे, असे माझे मत आहे, आणि ती वस्तू म्हणजे टेलिप्रिंटरचा मजकूर वाहणारी पाच छिद्रांची कागदी पट्टी. भाचीला कोणत्याही यंत्रापुढे उभे केलेत, तरी आधी एवढेच विचारा की, या यंत्रात माहिती आत कशी जात होती.

पट्टी जवळून पाहिली तर दिसते की, तिच्या रुंदीत अक्षराची जास्तीत जास्त पाच छिद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये पट्टी पुढे सरकवण्यासाठी एक बारीक छिद्र असते. हे बारीक छिद्र बरोबर मध्यावर नसून एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन जागा राहतील असे पाडलेले असते. म्हणून सराईत माणसाला पट्टी उलटी धरली गेली आहे, हे क्षणात कळते. पाच जागांपैकी प्रत्येक जागी छिद्र असणे किंवा नसणे, यातून ३२ संकेत तयार होतात. इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून ३२ पेक्षा अधिक होतात, म्हणून ‘यापुढे अक्षरे’ आणि ‘यापुढे आकडे’ असे सांगणारे दोन संकेत राखून ठेवले गेले. (आपली बाराखडी या ३२ खुर्च्यांवर बसवायची वेळ आली असती, तर काय झाले असते, याचा विचार मी रात्रपाळीत अनेकदा केला आहे.) टंकताना चूक झाली, तर पट्टी एक घर मागे घेऊन तेथे पाचही छिद्रे पाडत, तो संकेत ‘अक्षरे’ याचाच असल्यामुळे कागदावर काहीच उमटत नसे आणि चूक पुसली जाई. फ्रान्समध्ये एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये या पाच घटकांच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा संगणक ही कल्पना बॅबेजच्या कागदांपलीकडे कोठेही नव्हती.

आता कोलॉसस. पुष्कळ लोक ते एनिग्मा हे जर्मनांचे दुसरे गुप्तलेखन यंत्र फोडण्यासाठी बांधले होते असे समजतात, ते बरोबर नाही. एनिग्माचा मजकूर मोर्सच्या संकेतांत हाताने पाठवला जाई. कोलॉसस बांधले गेले ते लॉरेन्झ या जर्मन गुप्तलेखन यंत्रासाठी. हे यंत्र टेलिप्रिंटरला जोडलेले असे आणि आपल्या बारा चाकांच्या साहाय्याने त्याच पाच घटकांच्या संकेतांवर दुसरे संकेत चढवून मजकूर गुप्त करीत असे. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन कर्मचाऱ्याने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश चाकांची मांडणी न बदलता, पण थोडा संक्षेप करून पुन्हा पाठवला. जॉन टिल्टमन यांनी त्या दोन प्रतींवरून मजकूर सोडवला, आणि बिल टट यांनी, ते यंत्र कधीही न पाहता, त्याची अंतर्गत रचना कागदावर उलगडून दाखवली. एवढ्या एका आळसापायी पुढचे सगळे घडले.

कोलॉससचे रचनाकार टॉमी फ्लॉवर्स हे गणितज्ञ नव्हते. ते ब्रिटिश टपालखात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात दूरध्वनी एक्स्चेंजवर काम करणारे अभियंते होते, आणि हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दीड-दोन हजार निर्वात नळ्यांचे यंत्र सतत बिघडत राहील, असे त्या काळी जाणती माणसेही मानत; परंतु नळ्या चालू-बंद केल्या नाहीत, तर त्या दीर्घकाळ टिकतात, हे फ्लॉवर्स यांना एक्स्चेंजच्या अनुभवावरून ठाऊक होते. पहिले कोलॉसस १९४४ च्या आरंभी ब्लेचली येथे चालू झाले. पट्टीची दोन टोके चिकटवून केलेले वेटोळे चकत्यांवरून फिरत असे आणि प्रकाशविद्युत घट सेकंदाला ५,००० अक्षरे वाचत. पट्टी सरकवण्यासाठीचे ते बारीक छिद्र येथे पट्टी ओढण्यासाठी नव्हे, तर यंत्राचा ठोका ठरवण्यासाठी वापरले होते. मला स्वतःला ही युक्ती त्या यंत्रातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

युद्धानंतर केंब्रिजचा एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला, तेव्हा त्यालाही माहिती पाच छिद्रांच्या पट्टीवरूनच दिली जाई आणि उत्तर टेलिप्रिंटरवर येई. संगणक आणि तार पुढे कधीतरी भेटले, ही कल्पनाच म्हणून सोडून द्यावी. पहिल्या पिढीच्या संगणकांना तारखात्याचे सामान तयार मिळाले आणि त्यांनी ते जसेच्या तसे उचलले.

सायन्स म्युझियममधील बॅबेजचे दुसरे डिफरन्स एंजिन जरूर दाखवा. ते १९९१ मध्ये मूळ आराखड्यांवरून बांधले गेले, छपाईच्या भागासह त्याचे वजन सुमारे पाच टन आहे आणि ते अतिशय रूपवान आहे. मात्र तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडाच असल्यामुळे तेथे फार रेंगाळू नये.

---

बंदरावरून

पट्टीवाला यांचा प्रतिसाद आवडला. मुलगी मुंबईची आहे, म्हणून मी आणखी एक ठिकाण सुचवतो. ते मात्र खरोखरच दूर आहे. कॉर्नवॉलच्या अगदी टोकाला पोर्थकर्नो नावाचे गाव आहे, तेथील छोट्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या तारा वर येत असत आणि तेथे आता तारायंत्रांचे संग्रहालय आहे. रेल्वेने पेन्झन्सपर्यंत जाऊन पुढे रस्त्याने जावे लागते, त्यामुळे एका दिवसात लंडनहून जाऊन परतण्याचा विचारही करू नये.

फेब्रुवारी १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकत निघाले. उष्ण कटिबंधातील उन्हाने केबल तापू नये, म्हणून त्याचा काळा सांगाडा पांढऱ्या रंगाने रंगवला होता. केबलमधील तांब्याच्या तारेवर गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन असे, कारण हा रोधक खाऱ्या पाण्यात टिकून राही. त्याच वर्षी जूनमध्ये पोर्थकर्नो ते मुंबई हा मार्ग पूर्ण झाला. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला होता; त्यानंतर तेरा वर्षांनी संदेशाला काही मिनिटे पुरू लागली. त्यापूर्वी इराणच्या आखातातून केबल आणि पुढे जमिनीवरची तार होती, परंतु वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर कोणीतरी मजकूर उतरवून घेऊन पुढे पाठवत असल्यामुळे तो पोहोचेपर्यंत ओळखू येईलच याची खात्री नसे.

तेथे सायफन रेकॉर्डर हे यंत्र शोधून पाहा. हजारो मैलांवरून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे की, त्यावर कोणतीही जड तरफ हलणे शक्य नव्हते. म्हणून विल्यम थॉमसन यांनी केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून शाई सोडून कागदी पट्टीवर नागमोडी रेघ उमटवण्याची योजना केली. ती रेघ वाचणे हे कारकुनाचे कौशल्य होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून रक्षण व्हावे, म्हणून हे केंद्र खडकात खोदलेल्या बोगद्यांत हलवले गेले आणि संग्रहालयाचा मोठा भाग त्याच बोगद्यांत आहे.

यात आजचा धागाही आहे. १९९७ मध्ये सुरू झालेली फ्लॅग ही प्रकाशतंतूंची केबल याच पोर्थकर्नोला आणि मुंबईलाही किनाऱ्यावर येते.

---

काठावरचा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पोर्थकर्नोचा या यादीत समावेश होईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. माझी दुसरी शंका मात्र अजून शिल्लक आहे: कोलॉसस पुन्हा बांधलेले असेल, तर आपण तेथे इतिहास पाहतो की त्याचा उत्तम देखावा?

---

सान्ता_क्लारा

मूळ आणि प्रतिकृतीच्या वादात मी पडत नाही. भाची पुढे कधी अमेरिकेत शिकायला आली, तर लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या बोल्टर हॉलमधील ३४२० क्रमांकाची खोली तिला दाखवा, एवढेच सुचवतो. तेथे अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याचा, पहिला आयएमपी, म्हणजे संदेशांचे तुकडे मार्गी लावणारा संगणक, मूळ स्वरूपात उभा आहे. हनीवेल कंपनीचे हे यंत्र लष्करी बांधणीच्या करड्या कपाटात आहे आणि क्रेनने उचलता यावे, म्हणून त्याच्या माथ्यावर लोखंडी कड्या आहेत. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री येथून चार्ली क्लाइन यांनी ‘लॉगिन’ या शब्दाची अक्षरे पाठवण्यास सुरुवात केली. ‘एल’ आणि ‘ओ’ पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. अक्षर पोहोचले की नाही, याची खात्री ते पलीकडच्या बिल डुव्हॉल यांना दूरध्वनीवर विचारून करून घेत होते, हे मला फार गमतीचे वाटते. नव्या जाळ्याचा साक्षीदार जुनेच जाळे होते.

संदेशाचे तुकडे करून पाठवण्याच्या या पद्धतीतील ‘पॅकेट’ हा शब्द मात्र इंग्लंडचा, टेडिंग्टनच्या डोनाल्ड डेव्हिस यांचा.

---

पट्टीवाला

धागालेखकांच्या शंकेविषयी. युद्ध संपल्यावर बहुतेक कोलॉसस यंत्रे मोडून टाकली गेली आणि १९६० मध्ये वरिष्ठांच्या आदेशावरून फ्लॉवर्स यांनी आराखडे जाळून टाकले. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये पुनर्बांधणी हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापाशी १९४५ ची आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जपलेले परिपथांच्या आकृत्यांचे तुकडे होते. सुटे भाग त्या काळात बंद होत असलेल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळाले. म्हणजे आराखडा अपुरा होता. पण ज्या सामानातून मूळ यंत्र घडले, ते सामान त्याच गोत्रातले होते. शिवाय हे यंत्र ब्लेचलीच्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये, एच ब्लॉक या इमारतीत, मूळ नववे कोलॉसस जेथे होते तेथेच उभे आहे आणि ते चालते. पट्टी फिरताना होणारा आवाज बंद काचपेटीतली कोणतीही मूळ वस्तू देऊ शकत नाही, म्हणून माझ्या मते अवश्य जावे.

अस्सल वस्तूच हवी असेल, तर त्याच संग्रहालयात हार्वेल डेकाट्रॉन हे १९५१ चे यंत्र आहे. (हे संग्रहालय ब्लेचली पार्कच्याच आवारात असले, तरी त्याचे तिकीट स्वतंत्र आहे, हे लक्षात ठेवा.) ते २०१२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले आणि चालू स्थितीतील जगातील सर्वांत जुना मूळ अंकीय संगणक मानले जाते. एका गुणाकाराला ते पाच ते दहा सेकंद घेते. पण तो हिशेब डेकाट्रॉन या दहापर्यंत मोजणाऱ्या नळ्यांतील नारिंगी ठिपके एकेक घर सरकताना उघड्या डोळ्यांनी पाहता येतो आणि कार्यक्रम अर्थातच कागदी पट्टीवरून आत जातो. भाचीला दशक-शतकाचा हातचा कसा पुढे जातो, हे तेथेच दाखवा.

हे यंत्र वाचले ते त्याच्या संथपणामुळे म्हटले तरी चालेल. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्राला १९५७ मध्ये ते नकोसे झाले, तेव्हा त्यांनी महाविद्यालयांची स्पर्धा ठेवली आणि या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग कोण करील, हे पटवून देणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या महाविद्यालयाला ते देऊन टाकले. तेथे १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकत होते.