ऑफिसातलं आरोग्य कोचिंग: पहिल्या भेटीत काय करावं?

निळी शाई: दोनशे कर्मचाऱ्यांसाठी कोचिंग सुरू होतंय. दर पंधरवड्याला एक भेट, तीन महिने. दोन-तीन भेटींनंतर माणसं गळतात म्हणे. पहिल्या भेटीत नेमकं काय करावं? सोबत पावलांची स्पर्धा ठेवावी का?

पायवाट: पहिल्या भेटीला ४५ मिनिटं द्या, पुढच्या भेटी २०-३० मिनिटांत आटपतात. गळती बहुतेकदा कोचने ध्येय लादल्यामुळे होते. "साखर सोडा, रोज तासभर चाला" म्हटलं की माणूस मान डोलावतो, काही जमलं नाही की पुढच्या भेटीला तोंड चुकवतो.

ध्येय त्यालाच ठरवू द्या. मग विचारा, "हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती?" तो ४ म्हणाला, तर "४ का, २ का नाही?" असं विचारायचं. "१० का नाही?" विचारलंत तर अडचणींचा पाढा ऐकाल. "२ का नाही?" ला उत्तर देताना तो स्वतःच्या जमेच्या बाजू बोलतो, आणि तेच हवं असतं. आकडा ७ च्या खाली असेल तर ध्येय लहान करा: "सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवण झालं की खुर्चीवर न परतता १० मिनिटं चालणार." आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पहिल्याच दिवशी समोर ठेवू नका.

साधा कागद: गुप्ततेचंही बघा. काचेच्या केबिनमध्ये, साहेबांच्या नजरेसमोर कोणी झोपेबद्दल किंवा दारूबद्दल बोलणार नाही. व्यवस्थापनाला फक्त गटाची सरासरी द्या. दहापेक्षा लहान गटाची तीही नको, माणूस लगेच ओळखू येतो. हे पहिल्या भेटीआधी लेखी कळवा.

दुपारची पाळी: स्पर्धा नको. जे आधीच चालतात तेच उतरतात आणि जिंकतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम सुरू करून अभ्यास केला, त्यातही स्वतःहून भाग घेणारे आधीपासूनच कमी वैद्यकीय खर्चाचे निघाले.

आणि रक्तदाब मोजणार असाल तर जिना चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पुन्हा मोजूनही १८०/१२० किंवा वर आला तर कोचिंग थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर थेट रुग्णालय. औषधाच्या डोसबद्दल कोचने अवाक्षर काढायचं नाही.