अनुभव धागा: समुद्रात, खाडीत, विहिरीत पोहताना काय झालं आणि काय लागू पडलं?

सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याची नातवंडं कोकणात उतरतात आणि विहिरीपासून समुद्रापर्यंत सगळं पाणी गजबजतं. कुणाला काही झालं की उपाय सांगणारे दहा जण उभे: एक म्हणतो चुना लाव, दुसरा म्हणतो वाळू चोळ. म्हणून हा धागा. स्वतः भोगलेलं किंवा डोळ्यांदेखत घडलेलं तेवढंच लिहा, ऐकीव नको. फसलेले उपायही चालतील.

रापणवाली (देवबाग)
सुरुवात मी करते. आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पायाखाली पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, येणं नवीन नाही. वाळूत अंग पुरून बसतं, दिसत नाही. पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात. सासऱ्यांना लागला तेव्हा एवढा कणखर माणूस, पण वाळूत लोळून ओरडत होता. बाकीचे हळद शोधत होते, सासूबाईंनी आधी चुलीवर पाणी ठेवलं. बादलीत पाय बुडवायचा, पाणी सोसवेल तेवढं कडकडीत. पण गरमपणा दुसऱ्या, बऱ्या पायाने बघायचा, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचंही कळत नाही. निवलं की वरून तांब्याने गरम ओतायचं. पाऊण तासाने ते गप्प झाले, चहा मागितला. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून हे चालतं. पुढे दवाखाना चुकवू नका: काट्याचा तुकडा आत राहतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर ओढूच नका, तसंच गाडीत घाला.
उथळ पाण्यात चालताना सासरे पोरांना अजून ओरडतात, "पाय उचलू नको मरे, घासत चल!" पाय घासला की पाकट आधीच पळतं.

किहीमकर
पावसाळ्यातली गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याने निळे फुगे किनाऱ्याला लागतात, ब्लूबॉटल, जेलीफिशसारखा विषारी समुद्री जीव. मुंबईच्या चौपाट्यांवरही येतात. भाचीने फुगा समजून उचलला. मेलेला दिसला तरी त्याचे धागे चावतात. हातावर माळ ओवल्यासारखे लाल ठिपके उठले. जमलेल्यांपैकी एकाने ओली वाळू चोळली आणि आग दुप्पट झाली. बाटलीतलं गोडं पाणीही नको, धाग्यांवरच्या न फुटलेल्या विषाच्या पेशी त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुतलं, चिकटलेले धागे चिमट्याने काढले, मग हॉटेलवाल्याकडून गरम पाणी घेऊन वीस मिनिटं हात बुडवून ठेवला. (लघवीचा सल्ला देणाराही एक होताच. तो प्रत्येक किनाऱ्यावर असतो.) अंगभर पुरळ, श्वास लागणं, उलट्या यातलं काहीही दिसलं तर घरचे उपाय सोडून सरळ हॉस्पिटल.

पोफळीच्या सावलीत (गुहागर)
आमच्या मुलाचं दुखणं साधं, पण सगळा मे खाऊन टाकणारं. असोल्या नारळांची जोडी पाठीला बांधून आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, तसाच तोही शिकला. रोज दोन-दोन तास पाण्यात. आधी कानात खाज, मग कानाची पाळी जरा ओढली तरी कळ. आजी कोमट तेल घेऊन तयार. कानाच्या डॉक्टरांनी तेल, बड, काडी सगळं बंद केलं, थेंब दिले आणि कान पूर्ण कोरडा ठेवायला सांगितला. आता बाहेर आला की मान एका बाजूला कलती करून पाळी थोडी हलवतो, पाणी गळून जातं. वरवर पुसायचं, बस.

जीवरक्षक (रत्नागिरी)
एक सांगतो. पर्यटक पाण्यात उतरायला नेमकी वाईट जागा निवडतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक शांत पट्टा दिसतो, लोकांना वाटतं इथे पाणी निवांत. तिथेच आत नेणारी ओढ असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून बुडाल. किनाऱ्याला समांतर सरका, नाहीतर पाठीवर तरंगत हात वर करा. पोटरीत गोळा आला तरी हेच, आधी पाठीवर. मग पायाची बोटं स्वतःकडे खेचा.
बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन पळणं, पोट दाबून पाणी काढणं, हे मी आजही थांबवत असतो. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जातं.

गावातली डॉक्टर
@जीवरक्षक दादा, अगदी बरोबर, फक्त पुढचं लिहिते. श्वास नसेल तर बुडालेल्यात आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं. कारण त्याला मारतोय तो प्राणवायूचा अभाव. श्वास देताना छाती वर येतेय ना बघा. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाब, २ श्वास, मदत येईपर्यंत. एकाने १०८ लावायचा. शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणाला तरी त्याला काही तास दवाखान्यात ठेवायचंच, फुप्फुसांचा त्रास नंतर सुरू होऊ शकतो.
आणि पावसात पायाला जखम असताना शेतातल्या, ओहोळाच्या पाण्यात डुंबू नका. आठ-दहा दिवसांनी ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आधी सांगा, म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका वेळेत येते.

खडपावरची
खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवा कापला होता, वरून नगण्य वाटणारा काप. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आणि मधुमेह असेल तर वाट बघू नका. खडपावर चपला घालूनच जा.

किहीमकर
@डॉक्टर, विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो ही पैज आमच्याकडे सर्रास लागते. त्यात धोका आहे का?

गावातली डॉक्टर
आहे, आणि चांगल्या पोहणाऱ्याला जास्त. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते, पण प्राणवायू संपतोच. मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो, वरच्यांना वाटतं पैज जिंकतोय. कठड्यावर पोहता येणारा मोठा माणूस नसेल तर कुणालाच उतरू देऊ नका.

पोफळीच्या सावलीत
कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहलं तर चालतं का? भाची विचारतेय.

गावातली डॉक्टर
नाही. काढून उतरायचं. नंबरचे गॉगल मिळतात.