वाईट दिवस वाईट ठरला कसा? तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे शनिवारी तेल विकत आणत नाहीत. का, तर आई म्हणायची, "आणत नाहीत म्हणजे नाहीत." परवा नेमकं शनिवारीच संपलं आणि भजी राहिली. तुमच्याकडे कोणता दिवस टाळतात? कारण ऐकलं असेल तर तेही लिहा, पटलेलं नसलं तरी.

*

आम्ही नाशिक जिल्ह्यातले कांदावाले. अमावास्येला मार्केट बंद, हे लहानपणापासून पाहिलेलं. हमाल-मापारी त्या दिवशी पोत्याला हात लावत नसत, मग लिलाव कसला? आजोबा म्हणायचे, "हमालाला कुठला आलाय रविवार? अमावास्या हीच त्याची रजा." गवंड्यांचंही तेच. मला वाटतं, आधी सुट्टी आली असेल, भीती मागाहून चिकटली. भावाला हे पटत नाही. तो काळोख, बैलगाडी, चोर वगैरे सांगतो. आता अमावास्येलाही लिलाव होतात. भाव काही तिथी बघून पडत नाही.

*

चेन्नईत नऊ वर्षं आहे. शेजाऱ्यांनी नवी गाडी मुद्दाम अमावास्येला घरी आणली! इथे टाळतात ती अष्टमी आणि नवमी. कृष्ण अष्टमीचा, राम नवमीचा, तरीही. सासूबाईंना म्हटलं, आपलं लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असतं की. तर म्हणे, "ती अमावास्या वेगळी."

*

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. 'पानिपत संक्रांतीला झालं, म्हणून संक्रांत वाईट' हे मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात सांगितलंय. लढाई 14 जानेवारी 1761 ची, संक्रांतही 14 ला, जुळलंच की! एकदा एका मुलीने विचारलं, "सर, विवेकानंद संक्रांतीला जन्मले, पण तारीख तर 12 जानेवारी 1863 आहे." घरी येऊन गणित मांडलं. संक्रांत साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे पानिपतच्या वर्षी ती 10 तारखेच्या आसपासच होऊन गेलेली! दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली.

मग 'संक्रांत येणे' कुठून आलं? माझा तर्क पंचांगाकडे जातो. तिथली संक्रांतीदेवी वाहनावर बसून येते, आणि जे ती नेसते, खाते, हातात धरते ते महागतं किंवा नासतं, अशी समजूत. म्हणून तर 'यंदा पिवळ्यावर आलीय' म्हटलं की पिवळ्या साड्या कपाटातच राहतात. पानिपतचं दुःख लोकांनी नंतर त्यात ओतलं असावं.

*

माद्रिदहून लिहितेय. इथे 13 तारखेचा शुक्रवार नव्हे, मंगळवार वाईट. मंगळवारी लग्न करू नये, जहाजावर चढू नये, अशी म्हणच आहे. 'मार्तेस' हा मार्सचा, युद्धदेवाचा वार, आपलाही मंगळाचाच. घरमालकीणबाई 13 ला भाडेकरारावर सही करेनात. मी सांगितलं, आमच्याकडे मंगळवारी चतुर्थी आली तर देवळाबाहेर रांगा लागतात.

"छान," त्या म्हणाल्या. "बुधवारी ये."